लॉन, ब्लॉक आणि नानांचे दोन मुक्काम

आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतचं अंतर सत्तर फूट आहे. मी ते तीनदा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळा टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं आणि तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. हे सत्तर फूट चार वर्षं साध्या मातीचे होते. पावसाळ्यात चिखल व्हायचा, मग जुन्या फरशीचे तुकडे टाकून त्यांच्यावरून उड्या मारत घरात शिरायचं. साठीच्या माणसाला तेवढाच व्यायाम. मग एका रविवारी पुण्याहून मुलाने मोबाइलवर एक फोटो पाठवला. कुठल्या तरी थंड देशातलं घर, पुढे हिरवंगार गवत आणि त्यातून वळत वळत दारापर्यंत गेलेली विटकरी रंगाची वाट. खाली लिहिलं होतं, ‘पप्पा, आपलं असं करू या.’ मी चष्मा लावून पाहिलं. फोटोत माणूस नव्हता, कोंबडी नव्हती, दोरीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा नव्हता. मी ‘छान आहे’ असं लिहून पाठवलं आणि तिथेच फसलो.

आमचं घर राजुरीच्या बाहेर, शेतात आहे. घरापुढे बारा गुंठे मोकळे होते. हिवाळ्यात तिथे कांदा व्हायचा, चैत्रात निघायचा आणि वैशाखात ती जागा मोकळी पडायची. मोकळी म्हणजे माझ्या मुलाच्या भाषेत मोकळी. खरं म्हणजे वैशाखातले दोन दिवस त्या जागेवर माझ्या चुलत्यांची मेंढरं बसायची.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. माझ्या वडिलांनी मेंढरं विकून ही जमीन घेतली आणि मला शाळेत घातलं. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या या चुलत्यांनी, नानांनी, विकली नाहीत. दिवाळी झाली की नाना आणि त्यांचा एक भिडू, म्हणजे जोडीदार, दोनेकशे मेंढरं, दोन घोड्या आणि एक कुत्रा घेऊन माळशेज घाटाने खाली कोकणात उतरायचे आणि पाऊस यायच्या आत परत वर यायचे. परतताना दोन मुक्काम आमच्या रानात. मेंढरं रात्रभर बसली की लेंडीखताने जमीन सुधारते, त्यासाठी लोक धनगराला धान्य देऊन बोलावतात. नाना आमच्याकडून दाणाही घेत नसत. थोरल्या भावाची जमीन, एवढंच म्हणायचे. वडील गेल्यावरही त्यात खंड पडला नाही.

आता माझ्याविषयी. मी तीस वर्षं घोडेगावला सरकारी कारकुनी केली. तेवढ्या काळात मी कोणालाही नाही म्हटलेलं नाही. ही बढाई वाटेल, पण ती आमची कामाची पद्धत होती. समोरच्या माणसाचं काम होणार नाही हे मला पहिल्या मिनिटाला कळलेलं असायचं. पण तोंडावर नाही म्हटलं की माणूस भांडतो, रडतो, नाहीतर कोणाला तरी घेऊन येतो. म्हणून मी म्हणायचो, ‘बघू.’ म्हणायचो, ‘साहेब दौऱ्यावर आहेत.’ म्हणायचो, ‘बाकी सगळं ठीक आहे, फक्त एक कागद कमी आहे.’ तो कागद आणला की दुसरा कमी पडायचा. शेवटी माणूस आपण होऊन यायचा थांबायचा आणि जाताना मला नमस्कार करून जायचा. निरोप समारंभात माझ्या गोड स्वभावावर तीन जण बोलले.

कार्तिकात नाना खाली जाताना आले, तेव्हा फोटोचं प्रकरण ताजं होतं. चहा पिता पिता ते म्हणाले, “औंदाची ही शेवटची फेरी बग. गुडघं ऐकत न्हाईत. पोरं चाकणला कंपनीत, त्यांना ह्यात रस न्हाई. येताना तुज्याकडं दोन मुक्काम करीन, मग मेंढरं इकून टाकीन.”

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं की नाना, वैशाखापर्यंत इथे गवत येणार आहे, मेंढरांना जागा राहणार नाही. वाक्य फार मोठं नव्हतं. मी म्हणालो, “बघू की.” नाना त्याचा अर्थ ‘या’ असा समजले. त्या शब्दाचा असा अर्थ होतो हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग काम निघालं. मुलाचं म्हणणं, वाट वळणदार हवी. मी विचारलं, घर समोर दिसतंय, मग वळायचं कशाला? तो म्हणाला, वळणामुळे घर मोठं दिसतं. मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढला, एक इंचाला दहा फूट. वाट बारा फूट रुंद, मध्ये एक वळण, घरापाशी गाडी फिरवायला गोल. आमच्याकडे स्कूटर आहे. गाडी मुलाची, ती वर्षातून दोनदा येते. तरी मी त्या न आलेल्या गाडीला वळायला किती जागा लागेल याचा हिशेब दोन दिवस करत होतो. स्वयंपाकघरात फिरताना बायकोच्या कोपराला फ्रिज लागतो, त्याकडे लक्ष द्यायला मला चार वर्षांत सवड झाली नव्हती.

ठेकेदार आला. त्याने आधी जमिनीकडे पाहिलं, मग आभाळाकडे आणि मग माझ्या चपलांकडे. चपलांवरून त्याने सिमेंटच्या ब्लॉकचा प्रकार ठरवला. मुरूम पडला, रोलर फिरला, वर बारीक खडीचा कच पसरला आणि लाल-करड्या ब्लॉकची वाट तयार झाली. वाट पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की बोअरची पाइपलाइन तिच्या खाली गेली आहे आणि तिचा एक सांधा गळतो आहे. मग मधले ब्लॉक काढले, पाइप दुरुस्त केला, ब्लॉक परत बसवले. तिथे आता थोडा उंचवटा आहे. मी पाहुण्यांना तो स्पीडब्रेकर म्हणून दाखवतो.

नर्सरीवाला तर ज्ञानी माणूस. दाराशी फायकस लावू नका, मुळं घराच्या पायात शिरतात. दाट झाडोरा नको, बिबट्या दडतो. आंबा नको, पोरं दगड मारतात. फुलझाडं नकोत, माळी ठेवावा लागतो. मी म्हटलं, मग काय लावू? तो म्हणाला, बॉटल पाम. बॉटल पामला सावली नसते, फळ नसतं, वास नसतो, त्यात पक्षी घर करत नाही आणि त्याखाली कोणी बसत नाही. मी मनात म्हटलं, हे झाड सरकारी नोकरीत छान रमलं असतं. आम्ही सहा लावले. उरलेल्या जागेत लॉनच्या लाद्या आल्या, चारी बाजूंनी ड्युरांटाच्या दाट झुडपांचं कुंपण आलं आणि रस्त्याच्या बाजूला चाकांवर सरकणारं लोखंडी गेट आलं.

प्रत्येक वस्तू बसवताना मनात काय चाललं होतं, ते मी आज कबूल करतो. कुंपण घालताना वाटायचं, आता मेंढरं कडेने शिरणार नाहीत. गेट बसवताना वाटायचं, हे बघून नाना आपलं आपण समजतील. लॉन अंथरताना तर बरंच हलकं वाटलं, कारण जिथे वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळं ताणून खुंट्या ठोकायच्या, तिथे आता खुंटी ठोकायला उघडी माती राहिली नव्हती. मी कागद कमी आहे असं सांगत होतो, फक्त या वेळी ते जमिनीवर लिहिलं होतं. बायकोला हे कळलं. ती म्हणाली, “अहो, नानांना एक फोन करा ना. म्हातारा माणूस मुक्काम धरून चालत येणार.” मी म्हटलं, करतो. केला नाही.

नानांनीच केला, तीनदा. पहिल्यांदा शिमग्याच्या सुमाराला खालून, “काय चाललंय?” मी म्हटलं, घरापुढे जरा काम काढलंय. दुसऱ्यांदा म्हणाले, “काम झालं का?” मी म्हटलं, होत आलंय, बघू. तिसऱ्यांदा घाट चढल्यावर केला. “परवा पोचतो,” म्हणाले. मी म्हटलं, “या की.” तीस वर्षांत एकही अर्जदार दोनशे मेंढरं घेऊन आलेला नव्हता.

ते आले भर दुपारी. उन्हाने डोळे दिपत होते. आमच्या त्या सुंदर वाटेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या साड्या पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कुरडया वाळत होत्या. हा ब्लॉकचा एकमेव खरा उपयोग आणि तो बायकोने पहिल्या आठवड्यातच शोधून काढला होता. मी व्हरांड्यातून पाहिलं. मेंढरं पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला एका बांधापाशी थांबवलेली होती. कुत्रा त्यांच्यापुढे बसला होता. नाना एकटे गेटशी आले. गेट उघडण्यापूर्वी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत आले.

वैशाखातल्या दुपारी ते ब्लॉक इतके तापतात की आमचं मांजरही त्यांच्यावर पाय ठेवत नाही. मी ओरडलो, “नाना, वहाणा घाला! पाय भाजतील!”

“तुजी फरशी नवी हाय,” ते म्हणाले. “माज्या पायताणाला शेण हाय.” आणि कुरडयांवर पाय पडू नये म्हणून साड्यांच्या कडेकडेने, सत्तर फूट, ते सावकाश चालत आले.

मला इतकी लाज वाटली की ती लपवायला मी रागावलो. कोणावर ते कळेना, म्हणून मुलावर रागावलो, त्या फोटोवर रागावलो, पामच्या झाडांवर रागावलो. आणि एकदम म्हणालो, “नाना, मेंढरं आत आणा. लॉनवर घ्या. खाऊ देत गवत, काय व्हायचं ते होईल. वाघर नाही लावता आली तरी कुंपण आहे, गेट लावून घेऊ.” हे मी मनापासून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना न विचारता निर्णय घेतल्यासारखं वाटलं आणि छाती जरा भरून आली.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, “अहो, परवाच औषध ओतलंय ना लॉनमध्ये!”

खरंच ओतलं होतं. लॉनला हुमणी लागली होती, मुळं खाणारी अळी. नर्सरीवाल्याने दिलेलं औषध मी स्वतः झारीने घातलं होतं आणि पंधरा दिवस जनावर सोडायचं नाही हे त्याने मला दोनदा बजावलं होतं. माझी छाती भरली तशीच खाली आली.

नाना पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, “मला रस्त्यावरच वास आला. म्हनून तर तकडं थांबवली. एकांदं कोकरू बी तोंड लावील, मग काय करायचं?” मग ते वाट न्याहाळत उभे राहिले. थोडं वाकून, एक डोळा बारीक करून त्यांनी गेटपासून दारापर्यंत पाहिलं. “उतार उलटा झालाय, बाळा. पानी सगळं तुज्या दारात येनार.”

ठेकेदाराने लेव्हलचं यंत्र लावून काढलेला उतार तो. पण जन्मभर रोज नव्या ठिकाणी बिऱ्हाड टाकणाऱ्या माणसाला पाणी कुठे जाईल हे उभ्या उभ्या दिसतं. मी खरं तर खूश झालो. मुक्कामाचा विषय सोडून दुसरा विषय निघाला होता. मी उतारावर पुष्कळ बोललो. नाली काढावी का, मधले ब्लॉक उचलून मुरूम वाढवावा का, दाराशी जाळीचं गटार घालावं का. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी जातो. त्या पलीकडच्या रानवाल्याला इचारलंय, तो बस म्हनला. सांजच्याला सूनबाईला म्हनावं पिठलं कर.”

पलीकडचं रान ज्याचं आहे, तो माझा कोणी लागत नाही. नानांनी त्याला विचारलं, त्याने एका दमात ‘बसा’ म्हटलं, संपलं. त्याच्याकडे ब्लॉक नाहीत.

सूर्य मावळायला आला तेव्हा मी आणि बायको डबा घेऊन रस्ता ओलांडून गेलो. वाघर लागली होती, मेंढरं आत बसत होती, घोड्यांना वैरण टाकलेली होती. चुलीचा धूर सरळ वर जात होता. नानांनी घोंगडी झटकून आम्हाला बसायला दिली. पिठलं-भाकरी वाढली, बायकोने घरून आणलेल्या कुरडया तिथल्याच चुलीवर तळल्या. नाना जेवले चांगले. मेंढरांचं गिऱ्हाईक ठरलंय, म्हणाले, पुढच्या आठवड्यात बाजारच्या दिवशी नेणार. घोड्या कोणाला द्यायच्या ते ठरत नव्हतं. कुत्र्याला ते ठेवून घेणार होते. हे सगळं ते अगदी साध्या आवाजात सांगत होते आणि मी ‘हो का, हो का’ करत होतो. मधून मधून मान वर केली की समोर आमचं घर दिसायचं. वळणदार वाटेमुळे ते खरोखरच मोठं दिसत होतं.

बायको भांडी गोळा करून पुढे निघाली. मी मागे थांबलो. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हणालो, “नाना, मला सांगायचं होतं तुम्हाला. कार्तिकातच. पण जमलं नाही.”

“ठावं हाय,” नाना म्हणाले. सुपारी कातरत होते. “फोनवर तू बगू बगू करीत व्हतास, तवाच समजलं. पन एक सांग. एक न्हाई म्हनायला एवढं बांधकाम केलंस व्हय?”

आणि हसले. मनापासून, पाठीत धपाटा घातल्यासारखं हसले. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. ऑफिसात असंच व्हायचं, अर्जदार हसला की फाइल मिटली.

मग ते म्हणाले, “तू फोनवर न्हाई म्हनला असतास तर मेंढरं दुसऱ्याकडं बसवून माज्या भिडूच्या हवाली केली असती. त्यो व्हता की घाटापातूर, त्याला थांबवून घेतला असता. आन मी एकटा आलो असतो तुज्याकडं, दोन दिवस. पाव्हना म्हनून. मेंढरं काय, कुठंबी बसत्यात. आता त्यो भिडू गेला त्याच्या गावाला. आता मेंढरं सोडून मला रातचं ऱ्हायला येता येत न्हाई.”

एवढं बोलून ते सुपारी चघळत मेंढरांकडे पाहत राहिले. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरं झालं असतं, कारण तक्रारीला उत्तर कसं द्यायचं हे मला पाठ आहे. माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या. एकीत मुलाचा पलंग होता, चादर घातलेला. सत्तर वर्षं उघड्यावर झोपलेला माणूस माझ्याकडे पाहुणा म्हणून राहायला येणार होता आणि मी त्याला गवताच्या काळजीने बाहेर ठेवला होता. मी घोंगडीची दशी ओढत बसलो.

शेवटी म्हणालो, “मग मीच इथे झोपतो आज. तुमच्याजवळ. जागा आहे की.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील बघू. म्हणतील, तुझी कंबर धरेल, डास आहेत, बिबट्याचं भय आहे, सूनबाई घरी एकटी आहे. मी कारणाची वाट पाहत होतो, म्हणजे ते खोडून काढता आलं असतं.

“नगं,” नाना म्हणाले.